माळ्यावरचे अकरा संच

१९८६ च्या खंडेनवमीला सकाळी नऊच्या सुमारास आईने घराच्या माळ्यावरची अकरा बंद खोकी खाली काढली, देवघरासमोर पाटावर मांडली आणि प्रत्येकाला ओले कुंकू लावले. खोक्यांवर एका गोऱ्या मुलाचे चित्र छापलेले होते. कुंकू त्याच्या कपाळावर लागले. अकराही खोक्यांवर जागा एकच होती.

खोक्यांत जोडणीच्या खेळाचे संच होते. भोके पाडलेल्या हिरव्या-तांबड्या लोखंडी पट्ट्या, चाके, कप्प्या, नट-बोल्ट आणि एक छोटा पाना. त्यांतून हातभर उंचीची क्रेन उभी राहत असे. १९८४ मध्ये बांद्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने वडिलांना सांगितले की कारखान्याने हा संच काढणे बंद केले आहे. आता प्लास्टिकचे येतील. वडील हायस्कुलात हस्तकलेचे शिक्षक होते. त्यांनी दुकानातले उरलेले सगळे संच छापील किमतीला घेतले. त्या महिन्यात घरी मासे दोनदाच आले.

हे त्यांनी भाबडेपणाने केले नव्हते. म्हापशाला बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. बंद पडलेले जुने खेळ ते जमवत आणि परदेशातल्या ओळखीच्या लोकांना विकत. वडील त्यांना एका लग्नात भेटले होते. त्यांच्याकडून एक नियम वडील शिकून आले: खोके उघडायचे नाही. कारखान्याची चिकटपट्टी फुटली की किंमत निम्म्यावर येते. घरी आल्यावर त्यांनी आईला एवढेच समजावले.

"आंबो ठेवलो तर कुसता. ह्यां ठेवलां तर म्हाग जाता."

खोकी कुठे ठेवायची याचाही त्यांनी विचार केला होता. आमचे घर इन्सुलीच्या अलीकडे, ओहोळाच्या काठाला. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी धरत असे. वडिलांनी खोकी जुन्या धोतरात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. बियाण्याचे भात तिथेच असे आणि ते कधी बिघडले नव्हते.

पैसे कशासाठी हवे होते तेही ठरलेले होते. धाकटी बहीण दहावीनंतर यंत्रशाखेच्या पदविकेला जाणार होती. तंत्रनिकेतन होते त्या गावी मुलींचे वसतिगृह नव्हते. खाणावळ चालवणाऱ्या एका बाईंकडे राहण्या-जेवणाची सोय होत होती, पण वर्षाचे अर्धे पैसे त्या आगाऊ घेत. वडिलांच्या पगारात घर चाले. मी तेव्हा सावंतवाडीला एका साप्ताहिकात होतो. माझ्या पगारात माझी खोली आणि माझे जेवण भागत असे. खोकी विकली गेली नाहीत तर बहीण जाणार नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होते.

खंडेनवमीला वडील देवळात होते. दसऱ्याच्या तरंगांची, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्यांची, तयारी असते आणि आमच्या घराण्याकडे त्यातले एक काम आहे. दुपारी ते परत आले तेव्हा कुंकू वाळले होते. खोक्यांवर झेंडूची फुले होती. कोयते, विळे आणि वडिलांची करवत त्याच पाटावर होती.

वडिलांनी हे कोणी केले असे विचारले.

"मी केलंय," आई म्हणाली. "तुमीच म्हटलास मां, पोरगेचा शिक्षण ह्या खोक्यांत आसा? मगे खंडेनवमीक पूजा नको करूक?"

"एक तरी सोडूचा होता."

"एकाक लावूचा नि धाकट्याक नाय? आणि पोराच्या कपाळार नाय तर खंय लावतलंय, पायार?"

वडिलांनी ओल्या फडक्याने एक खोके पुसून पाहिले. तांबडा रंग मुलाच्या गालापर्यंत पसरला. बाकीच्या दहांना त्यांनी हात लावला नाही. त्यांनी फुले काढली, खोकी पुन्हा धोतरात गुंडाळली आणि माळ्यावर नेली. चिकटपट्ट्या शाबूत आहेत, म्हणजे माल शाबूत आहे, असे त्यांनी त्या रात्री जेवताना दोनदा सांगितले. म्हापशाला कार्ड पाठवताना त्यांनी संच अकरा आणि सर्व बंद एवढेच लिहिले.

म्हापशाचे गृहस्थ १९८७ च्या मे महिन्यात एका रविवारी भाड्याची मोटार घेऊन आले. मी घरी होतो. दहावीचा निकाल लागायचा होता, पण बहीण पास होईल याबद्दल कोणालाच शंका नव्हती. वडिलांनी ओटीवर चटई घातली आणि अकरा खोकी एका ओळीत मांडली.

पाहुण्यांनी चष्मा लावला, ओळ पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"मास्तर, अकरा भुरग्यांचो एकाच दिसा वाडदीस?"

वाढदिवस नव्हे, खंडेनवमी, असे वडिलांनी सांगितले. पाहुणे हसले, मग त्यांनी एक खोके उचलून नाकाजवळ नेले. धुराचा वास होता. त्यांना बंद पेटी हवी होती, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, असे ते शांतपणे म्हणाले. ही बंद आहे, पण तशी राहिलेली नाही. घेणारा बर्लिनमध्ये आहे. त्याला काय सांगणार?

आई दारात उभी होती. "तुमच्या बोटीर नारळ फोडीत नाय?" तिने विचारले.

फोडत असत, ते म्हणाले. ते खोके मात्र त्यांनी परत चटईवर ठेवले.

वडिलांनी छापील किमतीच्या तिप्पट सांगितली होती. ते अडीचपटीवर आले. पाहुणे किमतीवर बोलतच नव्हते. त्यांनी आईला चहा छान झाल्याचे सांगितले आणि चपला शोधू लागले.

तेव्हा बहीण बोलली. ती खांबाला टेकून उभी होती.

"तुमच्या घरातली खोकी तुमी कधी उघडून बघितलास?"

त्यांनी मान हलवली. उघडले की मोल गेले, हा त्यांचाच नियम.

"मगे आत गंज धरलो काय नाय, तां तुमका ठाऊक नाय. म्हापशाक पण दमटच हवा." तिने गाल रंगलेले खोके पुढे ओढले. "ह्येचा मोल गेलाच आसा. ह्यां उघडूक काय जाता?"

पाहुण्यांनी वडिलांकडे पाहिले. अडीच वर्षे वडिलांनी एकाही खोक्याची चिकटपट्टी फुटू दिली नव्हती. ते आत गेले, दाढीचे पाते घेऊन आले आणि चटईवर बसून त्यांनी चिकटपट्टी कापली. हस्तकलेच्या तासाला कापत तशी, एका रेषेत.

आत मेणकागद होता. त्याखाली पट्ट्या ओळीने होत्या. तेलाचा हात लागलेला तसाच होता, गंज कुठे नव्हता. पाहुण्यांनी एक कप्पी बोटावर फिरवली. मग झाकणाच्या आतला तक्ता बघून ते आणि बहीण एकेक भाग मोजू लागले. पाऊण तास लागला. एकही भाग कमी नव्हता. मोजताना बहिणीने चार पट्ट्या आणि दोन चाके जोडून क्रेनचा पाया उभा केला, आणि दोऱ्याचे रीळ मागच्या बाजूला का बसवतात ते त्यांना सांगितले. त्यांना ते माहीत नव्हते. ते संच विकत, जोडत नसत.

खोकी कुठे ठेवली होती, असे त्यांनी विचारले. वडिलांनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन माळा दाखवला. बाहेर आल्यावर ते म्हणाले की म्हापशाच्या आपल्या कपाटाबद्दल आता त्यांनाच काळजी वाटते आहे. बर्लिनला ते कुंकवाची हकिगतही लिहितील, माळ्याचीही, घेणारा घेईल. त्यांनी बंद असलेले दहा संच दुपटीने घेतले. वडिलांनी घासाघीस केली नाही. उलट अकरावा, उघडलेला संच त्यांनी पाहुण्यांना फुकट दिला.

"ह्यां सगळ्यात वर ठेवा. नाक्यार पोलिसान इचारला तर ह्यां दाखवा. बाकीची फोडूक देऊ नकात."

गोव्याच्या वाटेवर इन्सुलीचा तपासणी नाका आहे. तिथे मोटार थांबवली गेली. पोलिसाने वरचे झाकण उचलले आणि बंद केले. हे पाहुण्यांनी नंतर पत्रात कळवले. त्याच पत्रात त्यांनी आपल्या कपाटातले एक खोके उघडल्याचे लिहिले होते. आत काय निघाले ते लिहिले नव्हते.

जूनमध्ये निकाल लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वडील आणि बहीण सकाळच्या एसटीने गेले. प्रवेशाच्या यादीत यंत्रशाखेला तिचे नाव सातवे होते. खाणावळीच्या बाईंनी अर्ध्या वर्षाचे पैसे घेतले आणि तिला माडीवरची खोली दिली. खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीजवळची तिला मिळाली.