बाराचं पासिंग, अकराचं लोखंड

सप्टेंबरात एका दुपारी जेवता जेवता सासऱ्यांनी सांगून टाकलं की संत्र्याचा बगीचा विकायचा. गिऱ्हाईक ठरलं होतं, मंगळवारी बोलणी करायला येणार होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले होते आणि तेवढ्या काळात ते एकदाही बगीच्यात गेले नव्हते. घरापासून बगीचा तीनच किलोमीटर, पण ती तीन किलोमीटर पांदण आहे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पांदण म्हणजे वावरांच्या मधून जाणारी मातीची वाट. उन्हाळ्यात ती वाट असते, पण बैलगाडीच्या खोल चाकोऱ्यांची, तिथं कारचं पोट घासतं. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ती काळा चिखल असते, आणि त्यात आमच्यासारख्यांची शहरी कार उतरली की तिला ओढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. सासऱ्यांना ट्रॅक्टरवर चढवायचा प्रयत्न एकदा झाला. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. दुसऱ्याची बैलगाडी रोज मागायची नाही, हा त्यांचा बाणा.

"ज्या वावरात मले जाता येत नाई, ते माहं काहून म्हनाव?" ते म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

माझा साळा प्रमोद तो बगीचा बघतो. त्याचं घर त्यावर चालतं. तो मान खाली घालून जेवत राहिला, कारण बापापुढं बोलायची त्या घरात पद्धत नाही. बोलायची पद्धत फक्त माझ्या बायकोला, शुभांगीला आहे. ती म्हणाली, "मंगळवारच्या आत तुमाले वावरात नेतो, बाबा. मंग बोला." आणि माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीने मी जुनी जीप शोधायला लागलो.

जीपच्या बाबतीत आपल्याकडे प्रत्येक पुरुष तज्ज्ञ आहे, फक्त जीप कोणाकडे नसते. कोणतं साल चांगलं, हे मी अमरावतीत वीस जणांना विचारलं. एकवीस सालं हाती आली. चार दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि वहीत टिपून घेतलं. मी ज्या जातीच्या फोर बाय फोर जीपबद्दल बोलतोय तिच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. जाणकार ओळखतील, बाकीच्यांना फरक पडत नाही. तर, दहा सालापर्यंतच्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला दोन माणसं लागतात. अकराला पॉवर स्टिअरिंग आलं. बाराला मागची समोरासमोरची बाकं गेली आणि कारसारखी पुढं तोंड करून बसायची सीट आली. सतरापासून सेन्सर आले. शिवाय गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओत पुन्हा पासिंग करा, म्हणजे फार जुनी नको. वहीत मी लाल पेनानं लिहिलं: बारा ते सोळा. त्याखाली दोन रेघा मारल्या. वही हातात धरली की माणूस स्वतःला फार शहाणा वाटतो.

शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. अमरावती सोडताना गिला वडा खाऊन घ्यावा, दोघांचे ऐंशी रुपये झाले, आणि दुपारपर्यंत भुकेचं नाव निघालं नाही. मोर्शीवरून वरूड दोन तासांचा रस्ता. मोर्शीपुढं दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात आणि मधूनमधून कॅरेटनं भरलेला ट्रक आपल्या पुढं अशा दिमाखात चालतो की त्याला हॉर्न देणं उद्धटपणाचं वाटावं.

वरूडला एका संत्रा व्यापाऱ्याकडे एकोणीस सालची जीप होती. वहीत बसत नव्हती, पण फोटोत फार देखणी दिसत होती, आणि मीही माणूस आहे.

"सर, हिच्यात टचस्क्रीन हाये," व्यापारी म्हणाला.

शुभांगीने विचारलं, "चिखलात फसली तर स्क्रीनवर काय दिसते?"

"नकाशा दिसते ना, ताई."

"म्हणजे कुठं फसलो ते समजते."

व्यापाऱ्याने तिच्याऐवजी माझ्याकडे बघून बोलायचं ठरवलं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा जळत होता. तो कशाचा, विचारलं. "तो काई नाई. नागपूरले नेली का बंद होते. वरूडले आली का जळते." मी दिव्याकडे पाहिलं, शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांच्या गावाहून नागपूर म्हणजे दिवसभराचा प्रवास. दिवा विझवायला बाबांना मुक्कामाला पाठवायचं का, असं तिनं परतताना विचारलं. व्यापाऱ्याने मात्र जाताना दोन डझन संत्री गाडीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. वरूडला जीप घ्यायला जा किंवा जाऊ नका, पण रिकामी डिकी घेऊन जा.

रविवारी अकोला. बडनेरा, मूर्तिजापूर करत जाणारा महामार्ग आता इतका चांगला झाला आहे की पूर्वी त्याच्यावर विनोद करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्यांची पंचाईत झाली आहे. दीड तासात पोचलो. तिथं हबीबभाईंचं गॅरेज आहे, शुक्रवारी बंद, रविवारी चालू. त्यांच्या आजोबांपासून घरात जीप दुरुस्तीचंच काम. वय साठच्या आसपास, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. मी वही काढली. त्यांनी ती नीट वाचली, पानं उलटली, परत दिली.

"अच्छा लिखा है, सर. अक्षर बहुत साफ है," ते म्हणाले. "पन एक सांगतो. इंजन मी दुरुस्त करून देईन, गियर देईन. साल मात्र कोनी दुरुस्त करून नाई देत. म्हणून साल आधी पाहा, आणि कागदावर नका पाहू."

मग त्यांनी मला गाडीखाली झोपायला लावलं. पांढरा सदरा घालून जुनी गाडी बघायला जाऊ नये, ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सूचना समजा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चेसीवर ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतून गंजलेली. नवीन काळा रंग दिसला की नखानं खरवडायचा. आणि आरसी बुकात दोन तारखा असतात, गाडी बनली कधी आणि रजिस्टर झाली कधी. विकणारा नेहमी दुसरीच सांगतो.

त्यांच्याकडे चौदा सालची हिरवी जीप होती. ठणठणीत. वहीच्या मधोमध बसणारी. मला ती पाहताक्षणीच आवडली, आणि हबीबभाईंनाही विकायची होती, त्यामुळे आमचं पटकन जमलं. पण शुभांगी म्हणाली, पैसे बाबा बसल्यावर. हबीबभाई हसले. "बराबर आहे. मी सोबत येतो सकाळी. चढवून दाखवतो."

मुक्काम अकोल्यातच केला. बसस्टँडजवळची लॉज, अकराशे रुपये, स्वच्छ. जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी. भाजीवरची तर्री पाहून शुभांगीचा चेहरा खुलला. अकोला जिल्ह्यात शिरली की ती पंचवीस वर्षांनी लहान होते आणि माझ्याशीही वऱ्हाडीत बोलते.

सोमवारी सकाळी साडेसहाला निघालो. पुढं हिरवी जीप, मागं आमची कार. पूर्णा ओलांडली, अकोटला चहा-पोहे झाले, तिथून हिवरखेडच्या रस्त्यानं बारा किलोमीटरवर आमचं सासर. समोर सातपुडा निळा होत जातो, दोन्ही बाजूंना फुटायला आलेला कापूस. नऊला अंगणात पोचलो. सासरे धुतलेलं धोतर, टोपी घालून तयार बसले होते. विकायचं ठरवलेला माणूस एवढा तयार होऊन बसत नाही, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

चढणं मात्र जमलं नाही. त्यांचा नवा गुडघा काटकोनाच्या पुढं वळत नाही. जीपच्या पुढच्या सीटवर बसायचं तर एक पाय उचलून आत टाकावा लागतो, मग त्यावर भार देऊन अंग वळवावं लागतं. आधी मी धरलं, मग प्रमोदनं. खाली पाट ठेवला. पाटावर वीट ठेवली. मागच्या सीटवर जायला तर पुढची सीट वाकवून त्या फटीतून शिरावं लागत होतं. तिथं मीही अडकलो. तिसऱ्या वेळी त्यांचा पाय पायरीवरून निसटला आणि त्यांनी प्रमोदचा खांदा घट्ट पकडला.

ते ओट्यावर जाऊन बसले. टोपी काढून बाजूला ठेवली.

"राहू द्या जवाईबापू. लय केलं तुमी. उद्या तो मानूस येऊन राहिला, त्याले हो म्हनतो."

मी वहीत तीन वर्षांचं डिझेलचं अव्हरेज लिहिलं होतं. टायरचे नंबर लिहिले होते. सासऱ्यांच्या गुडघ्याबद्दल एक ओळ नव्हती.

हबीबभाई ओट्याच्या कडेला टेकले. सौदा मोडला याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, ते काहीतरी आठवत होते. म्हणाले, "बाबा, पहिले वावरात कसे जात होते तुमी?"

"दमणीत. कसं म्हंजे?" दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. यांचे बैल जाऊन पंधरा वर्षं झाली.

"अन् दमणीत बसत कसे होते?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हा कुठल्या गावचा. "मागून. पाठ करून टेकाचं, पाय उचलून आत घ्याचे. दमणीत काय समोरून चढतेत?"

हबीबभाई उठले. "अकोटले जिनिंगमध्ये एक गाडी उभी आहे. बाराचं पासिंग आहे, पन लोखंड अकराचं."

ते काय प्रकरण, ते त्यांनी रस्त्यात सांगितलं. गाडी बनली अकराच्या शेवटच्या महिन्यांत, शोरूममध्ये उभी राहिली, रजिस्टर झाली बाराच्या जानेवारीत. म्हणजे मागं जुनी लांब बाकं आणि मागून उघडणारं दार, पण पंधरा वर्षं मोजायची ती बारापासून. मी म्हटलं, ही तर फसवणूक. वहीत बाकांची गाडी मी स्वतः खोडली आहे. शुभांगी म्हणाली, "वही डिकीत ठेवा." या वेळी सासऱ्यांना कारमध्ये मागच्या सीटवर आडवे पाय करून सोबत घेतलं होतं. सोमवारचा तो अर्धा तास मला वीस वर्षांच्या संसारापेक्षा लांब वाटला.

गाडी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात शेडखाली होती. मालक तिथलेच जुने हेडक्लार्क, गाडी रुईचे नमुने न्यायला वापरलेली. बाकांच्या शिवणीतून अजून पांढरे धागे निघत होते. हबीबभाई खाली शिरून चेसी ठोकू लागले. सासऱ्यांनी त्यांची वाट पाहिली नाही. मागचं दार उघडं होतं. ते काठी टेकत तिथवर गेले, वळले, पाठ गाडीकडे केली, दोन्ही हात मागं टाकून फळीवर टेकले. मग एक पाय, मग हातानं धरून दुसरा. बाकावर सरकले, पाठीला ताडपत्रीचा दांडा लागला, आणि काठी आडवी मांडीवर ठेवली. कोणी हात लावला नाही.

हेडक्लार्क म्हणाले, "बुवा, अजून भाव नाई ठरला."

"तुमी ठरवा," सासरे आतून म्हणाले. "मी बसलो."

भाव करताना घरचा माणूस असा गाडीत जाऊन बसला की घासाघीस संपते. हबीबभाईंनी तरी पंधरा हजार तोडले, आणि स्वतःची गाडी विकली गेली नाही तरी दुसऱ्याची तपासून दिल्याचे पैसे घेतले नाहीत. "अगली बार," एवढंच म्हणाले. मी संत्र्यांची पिशवी दिली, ती घेतली.

दुपारी पांदण. हबीबभाई चालवत होते, मी पुढं, मागं एका बाकावर सासरे, समोरच्या बाकावर शुभांगी आणि प्रमोद. चिखल चाकाच्या निम्म्यापर्यंत. त्यांनी छोटा दांडा ओढून चारी चाकं लावली आणि गाडी पहिल्या गियरमध्ये, कुठल्याही घाईशिवाय, म्हशीसारखी चालू लागली. बाकावर आडवं बसलेलं असल्यामुळे सासऱ्यांना पूर्ण रान दिसत होतं. कोणाची तूर फुलली, कोणाचा कापूस पिवळा पडला, ते एकेक मोठ्यानं वाचत होते. माझ्या वहीतल्या पुढं तोंड करून बसायच्या सीटवरून त्यांना माझं टक्कल दिसलं असतं.

बगीच्यात ते खाली उतरले, तेही पाठीकडूनच. झाडं लगडलेली होती. पहिल्या ओळीत ते उभे राहिले, एका फांदीखाली हात घातला, फळं तोलली. शुभांगी माझ्या बाजूला उभी होती, तिनं माझं मनगट धरलं होतं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

"प्रमोद्या, हे बांबू कोनं लावले?"

"मी, बाबा."

"बांबू असे लावतेत? फांदी मोडून राहिली ना." दुसऱ्या ओळीत ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या होत्या. तिसऱ्या ओळीत आणखी काही. अकरा महिन्यांचं सगळं त्यांनी अर्ध्या तासात काढलं. शेवटी थकून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टेकले. "त्या उद्याच्या मानसाले फोन लाव. म्हन, नाई इकत. येऊ नको म्हन."

मंगळवारी आम्ही अमरावतीला परतलो, जीप तिथंच ठेवून. एकूण चारशेच्या वर किलोमीटर, चार दिवस, एक सदरा कायमचा काळा. तुमच्यापैकी कोणी जुनी जीप घ्यायला निघणार असेल तर साल जरूर पाहा, चेसी ठोका, दोन्ही तारखा वाचा. पण ज्याच्यासाठी घेताय त्याला सोबत न्या. माझी खात्री आहे की तुमच्या घरी दुसराच गुडघा निघेल आणि दुसरंच साल.

काल प्रमोदचा फोन आला. बाबा रोज सकाळी सातला मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि तो येईपर्यंत हॉर्न वाजवायला नातवाला पाठवतात. बांबू सगळे काढून परत लावून झाले. ठिबक दोनदा तपासून झालं. आता मजुरांच्या डब्यात काय आहे तेही बघून राहिले. माझ्या मनात आलं, हे ऐकण्यासाठी मी आणखी तीन वेळा गाडीखाली झोपलो असतो.

"भाऊजी," प्रमोद आवाज खाली करून म्हणाला, "याच्याहून जुनं मॉडेल नाई भेटलं तुमाले? सकाळी चालूच न होनारं?"