आत्या आणि माझी वाक्प्रचारांची वही

तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, खळीचा आंबूस वास येणारी ती वही... चौथीत गुरुजींनी बोलण्याविषयीचे वाक्प्रचार फळ्यावर लिहून दिले आणि 'वाक्यं तुमच्या घरातली लिहा, पुस्तकातली नकोत' असं बजावलं, तेव्हा मला उदाहरणं शोधायला कुठे जायची गरजच नव्हती. पारनेरच्या आमच्या घरात सुमनआत्या होती. चुलीच्या धुरात, पाट्यावरच्या ओल्या मिरचीच्या झणझणीत वासात, भाकरी थापतानासुद्धा तिचं बोलणं अखंड चालायचं — आणि मी ते सगळं वहीत उतरवायची.

पण ह्या बोलण्यापायीच तिची दोन स्थळं मोडली होती. एका नवरदेवाला तर तिने मिशा कातरायचा सल्ला दिला होता! म्हणून राजूरचे पाहुणे यायच्या सकाळी आजोबांनी दम भरला, "ह्या खेपेला तोंड उघडलंस तर बघ!" बिचारी आत्या निळं पातळ नेसून, पोह्यांच्या बश्या पुढे ठेवून, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. सगळं कसं छान जमत आलं होतं.

तेवढ्यात मुलाच्या आईने मला विचारलं, "काय गं पोरी, साळंत काय शिकवत्यात?"

मी मेली कसली हुशार! वही आणली आणि खड्या आवाजात सुरू झाले.

"तोंडाचा पट्टा सुटणे — चूल पेटायच्या आधीच आमच्या आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटतो. तोंडात तीळ न भिजणे — आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मूग गिळून बसणे — आज पाहुणे जाईपर्यंत आत्याने मूग गिळून बसायचे आहे."

आजोबांचा घास हातातच राहिला. आत्याचा चेहरा असा उतरला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाची आई मात्र पोट धरधरून हसली. "आवं, आमच्याकडं बाप-लेक दोगंबी घुमे! दिसभर मी भिताडाशी बोलते. मला बोलनारीच सून पायजे."

आत्याने हळूच मान वर केली. "मग आधी ते पोहे खा बरं, गार झाले की!"

लग्न ठरलं, झालंही. निघताना, हळदीच्या आणि कोमेजल्या मोगऱ्याच्या वासात, आत्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिचे ओठ नुसतेच हलले... आणि वऱ्हाडाचा ट्रक निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात भाकरी थापल्याचा तेवढा आवाज येत होता.

वही अजून माझ्या कपाटात आहे. 'तोंडातून शब्द न फुटणे' ह्यापुढची ओळ कोरीच आहे आणि तिथे गुरुजींनी लाल शाईने मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलंय. वाक्य मला येत होतं, गुरुजी... लिहवलं नाही.