गच्चीवरच्या पट्ट्या आणि सरांची छत्री

आमच्या जालन्याच्या लॅबमध्ये रिपोर्ट उशिरा निघतात, किस्से मात्र रोज. काम काय, तर खिडक्यांच्या, पत्र्यांच्या फटीत भरतात ते रबरासारखं सीलंट ऊन-पावसात कसं खराब होतं ते बघायचं. मशीननं इन्फ्रारेड किरण सोडले की स्क्रीनवर आलेखाची डोंगररांग उमटते. माल बिघडला की एखादं शिखर खचतं. झालं, एवढंच आमचं शास्त्र.

*

सीलंटच्या पट्ट्या गच्चीवर ठेवल्या होत्या, एकाच बाजूनं तापायला. शेजारच्या काकूंच्या कुरडयाही तिथंच वाळतात. महिन्यानं बघतो तर पट्ट्या दोन्हीकडून सारख्याच तापलेल्या!

काकू म्हणाल्या, "तुमचं कुणी उलटवायलाच येईना. मंग मीच रोज पलटवून राह्यले."

आमच्या सविताची पीएचडी त्या पट्ट्यांवर होती. ती तिथंच बसून रडली. काकूंनी तिला कुरडया तळून दिल्या.

*

शिपाई गणपतमामांनी एकदा विचारलं, "हे मशीन सांगतं तरी काय?"

मी म्हटलं, "उन्हात राहून माल आतून किती थकला ते."

मामांनी बोट पुढं केलं. "मंग माझं बघा. रिपोर्ट दाखवून सुट्टी घेतो."

*

आता सविताकडं एकच भरवशाचा नमुना उरला. पिंपळगाव रेणुकाईला तिच्या घराच्या पत्र्यावर तिनंच लावलेलं, एक उन्हाळा-पावसाळा काढलेलं सीलंट. त्याचा तुकडा मिळाला तर पीएचडी, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

ती शिडी चढायला लागली, तर आईनं खालून शिडी धरली. "उतर. तू जल्मल्यापास्नं पहिल्यांदा घर गळलं न्हाई. त्याला बिलकुल हात लावायचा न्हाई."

शेवटी तिचे गाईड कुलकर्णी सर समजूत घालायला गेले. मीही सोबत गेल्तो. आईनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "घरावरचं न्हाई मिळणार. नळीत उरलेलं त्याच दिवशी शेळ्यांच्या छपराला लावलं, तिथलं न्या. पण माझी एकबी शेळी भिजली न्हाई पाहिजे."

तुकडा निघाला अन् पावसानं गाठलं. ओल्या पत्र्यावर नवं सीलंट चिकटेना. पाऊस थांबेपर्यंत सर गोठ्यात शेळ्यांवर छत्री धरून उभे. स्वतः चिंब.

लॅबमध्ये तुकडा मशीनला लावला. शिखर जागच्या जागी होतं, म्हणजे सविताचं सीलंट ऊन-पावसात टिकलं होतं. सविता पुन्हा रडली, या वेळी आम्हीपण.

पीएचडी झाली तेव्हा आई पेढे घेऊन आली. जो तो सरांच्या ज्ञानाचं कौतुक करत होता. आईनं मान डोलावली.

"माणूस लई शिकलेला हाय," ती म्हणाली, "पण छत्री बराबर धरतो."