आयलिनच्या कानात

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असते, हे काय मी ठरवलं होतं? दुसरबीडले माझ्या माहेरी भावाच्या पोरीचं बारसं होतं अन् मी एकुलती एक आत्या. मले लेकरू नाही. पोटी पोरगी आली तर ठेवायचं म्हणून एक नाव लग्नापासून मनात जपून ठेवलं होतं. ते आता भाचीले द्यावं, एवढंच माझं मागणं होतं.

पण वहिनीची बहीण पुण्याहून नाव घेऊनच आली. आयलिन! मोबाइलवर कोणती तरी तुर्की मालिका पाहत होती म्हणे. "तुर्की भाषेत आय म्हणजे चंद्र, आणि आयलिन म्हणजे चंद्राभोवतीचं तेजाचं कडं," असं तिनं साऱ्या बायांना समजावलं. बाया 'वा वा' करून राह्यल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्याले आपल्याकडं खळं म्हणतात," मी म्हटलं. "चंद्राले खळं पडलं का माझी माय अंगणातून हाक मारून दाखवे. त्याच्यासाठी तुर्कस्तानात काऊन जावं लागते?"

"मग काय, खळं ठेवायचं नाव?" ती हसली. साऱ्या हसल्या. भाऊसुद्धा दात काढून राह्यला, मेला!

पाळण्याशी मात्र मलेच वाकावं लागलं. तो मान तिले घेता येत नव्हता. मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं अन् माझ्या मनातलंच नाव सांगितलं. कुर्रर्र केलं, बायांनी पाठीत धपाटे घातले, मग मोठ्यानं "आयलिन" म्हणून मोकळी झाली. कोणाले पत्ता नाही. जिरवली एकदाची, असं वाटलं.

आता पोरगी पाच वर्षांची आहे. मावशीशी रोज व्हिडिओ कॉल चालते; मी दिसली का "हाय आत्या" म्हणते अन् पळते. मागच्या आठवड्यात मेहकरले माझ्याकडं राहायला आली. संध्याकाळी अंगणात पाठमोरी खेळत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी हळूच त्या नावानं हाक मारली. एकदा, दोनदा. तिनं मान वळवली नाही. तिसऱ्यांदा जोरात मारली, तर शेजारच्या अंगणात कोण आहे ते पाहू लागली.

"आयलिन," म्हटलं. तशी धावत येऊन मांडीत बसली.

"आत्या, तू कोणाले बोलावत होती?"

"कोणालेच नाही गं."