आत्याला घाबरवायचे तीन पिक्चर

कणकवलीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. माझ्याकडे पुस्तक कुणी मागत नाही, पिक्चर विचारतात. तोही साधासुधा नाही, भीतीचा. प्राध्यापक, शिपाई, परीक्षा विभागातल्या बाई, सगळे दबक्या आवाजात येतात: "सर, काहीतरी सुचवा ना." गाजलेल्या पिक्चरचं नाव मी कधीच सांगत नाही. ज्याची जाहिरात रस्त्यावर लागते त्याची शिफारस कशाला करायची? मी कुठल्या तरी थंड देशातला, कुणी न बघितलेला पिक्चर काढून देतो, ज्यात पहिला तासभर काहीही होत नाही आणि तरी माणूस पाय वर घेऊन बसतो. दुसऱ्या दिवशी त्यांचे तारवटलेले डोळे बघून मला जे समाधान मिळतं ते पगारातही मिळत नाही.

माझी ही कीर्ती पुण्याला आतेबहिणीपर्यंत पोचली आणि तिथे माशी शिंकली.

तिची आई, म्हणजे माझी आत्या, आरोंद्याला खाडीकाठी एकटी राहते. वय शहात्तर. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि शेजारणीने बघेपर्यंत अर्धा तास तशीच पडून होती. तेव्हापासून बहिणीचं एकच म्हणणं: आईने पुण्याला यावं, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे. आत्याचं एकच उत्तर: नाय. रडणं झालं, रुसणं झालं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बहीण मला म्हणाली, "तू लोकांना घाबरवतोस ना? मग तिला घाबरव. एकटं राहायची भीती वाटली की येईल." मला ही कल्पना अतिशय आवडली, हे मी कबूल करतो. चांगल्या कामासाठी वात्रटपणा करायची संधी काय रोज मिळते?

आत्याला पिक्चरचं वेड होतंच. मी तीन रविवार ठरवले. सकाळी एसटीने सावंतवाडी, तिथून आरोंदा, दुपारी आत्याच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, आणि मग खिडक्यांना जुनी लुगडी लावून अंधार. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायचा आणि मी शेजारी बसून परदेशी संवाद मालवणीत सांगायचे.

पहिला पिक्चर एकट्या म्हातारीचा. रोज सकाळी तिच्या जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची वाढलेली असते. कोण ठेवतं, दिसत नाही. सातव्या खुर्चीला आमच्या परीक्षा विभागातल्या बाईंनी टीव्ही बंद केला होता. आत्या मात्र चिडली.

"रोज एक एक जण घरात येवन बसता आणि ही बाय चायसुदा विचारणा नाय? मग ते रागावतले नाय तर काय?"

दुसरा एका बेटावरचा. तिन्हीसांजेला बाहेरून ओळखीच्या आवाजात हाक येते, जो ओ देतो तो परत दिसत नाही. माझ्या मते हा कुणी न ओळखलेला हिरा आहे, आणि मी तो जपून जपून सुचवतो. आत्या मध्येच उठून काजू फोडायला बसली.

"पयल्या हाकेक ओ देवची नाय, ह्यां तेंका आवशीन शिकवल्यान नाय?" ती म्हणाली. "अशा माणसान मेलेलाच बरा."

चूक माझीच होती. जिथे चकवा, देवचार, राखणदार यांची नावं घरच्या माणसांसारखी घेतात, तिथे मी बाहेरची भुतं घेऊन गेलो होतो. म्हणून तिसऱ्या रविवारी भूत नसलेला पिक्चर निवडला. शेतावर एकटी राहणारी विधवा, आणि घरात कुणीतरी वस्तू हलवतंय. एका मित्राने तोंड भरून स्तुती केली होती. मी स्वतः पहिली वीस मिनिटंच बघितली होती. न बघितलेला पिक्चर सुचवू नये हा माझा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला.

पंचविसाव्या मिनिटाला त्या विधवेचा भाचा आला. गोड बोलणारा, दर रविवारी तिच्यासाठी खाऊ आणणारा. चाळिसाव्या मिनिटाला कळलं की चष्मा लपवणारा, किल्ल्या हलवणारा तोच. तिला घरातून काढायचं म्हणून. मी भाषांतर थांबवलं. सावंतवाडीहून आणलेली खाज्याची पुडी माझ्या मांडीवर होती आणि ती कुठे ठेवावी ते सुचेना.

"सांग मरे, काय म्हणता तो?" आत्या म्हणाली.

"काय नाय गे. ह्यात भूत नाय, आत्ये. नुसतो सस्पेन्स."

"आसा तर भूत. तो काय, पुडी घेवन इलो."

तिने टीव्ही बंद केला, खिडकीवरचं लुगडं काढलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "माका भुताची भीती नाय रे. माका तुमची भीती वाटता."

मला लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आत्याने नारळ घेतला आणि मला मागच्या कुंपणाशी, राखणदाराच्या दगडापाशी नेलं. खरं तर देवाला गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं. "पण तुका येणा नाय," म्हणून तिने स्वतःच पदर खोचला. गाऱ्हाण्यात एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ओळीओळीला हुंकार भरायचा; एकदा भरलेला हुंकार मागे घेता येत नाही. बाकीचे म्हणजे मी एकटा.

"बा देवा म्हाराजा, आजपर्यंत ह्या घराक सांभाळलंस, तसोच सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो माझो भाचो मनान बरो आसा, पण पिक्चर बगून डोक्या फिरला, ता जाग्यार आण म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या पुण्याच्या चेडवाक सुखात ठेव, आणि माका हयसून हलवचो जो इचार तिच्या मनात इलो आसा, तो काडून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लहानपणापासून वळण पडलेल्या जिभेने म्हणून टाकलं, आणि मग काय म्हटलं ते मला कळलं.

आत्या थांबली. तिचा आवाज बारीक झाला. "आणि माझो शेवट जेव्हा काय होयत तेव्हा, तो हयच होवंदे म्हाराजा."

ह्या वेळी जिभेने काही केलं नाही. वाऱ्याने माड हलत होते आणि ती नारळ हातात धरून माझी वाट बघत होती. मला गप्प बसता आलं असतं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

संध्याकाळी सावंतवाडीच्या स्टँडवरून पुण्याला फोन लावला आणि बहिणीला सगळं सांगितलं.

"आणि तू काय म्हणालास?" तिने विचारलं.

"व्हय म्हाराजा म्हटलं."

पंधरा वर्षं पुण्यात राहून तिचं मालवणी पार सुटलं आहे. पण हे तिला कळलं.

"किती वेळा?"

"चार."

"मग संपला," ती चक्क मालवणीत म्हणाली. आधी हसली आणि मग रडायला लागली.