हिस्ट्रीचा क्लास

जगातल्या निम्म्या काळज्या माझ्या भाऊजींनी एकट्याने अंगावर घेतल्या होत्या, म्हणूनच बाकीच्यांना थोडीफार झोप लागत असे, असं माझं प्रामाणिक मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दुर्गच्या एका कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक. भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत मी तिथे फिटर होतो आणि सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आम्ही सगळे कारखाना कधी पुरा होतो याची वाट पाहत होतो, आणि भाऊजी तो कधी उडतो याची. एका संध्याकाळी ते आणि ताई आमच्याकडे जेवायला बसले असताना नुकत्याच चालू झालेल्या पहिल्या भट्टीतली तापलेली स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, बाहेर ओतली गेली आणि रोजच्यासारखं आभाळ लाल झालं. भाऊजी हातातला घास टाकून उठले, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात माझी चप्पल घालून अंगणात उभे राहिले. "चाल वो, चाल! पेटलं सारं!" ताई जागची हलली नाही. "जेवा गुपचूप," ती म्हणाली, "भात थंडा होऊन राहिला."

नागपूरचा पेपर रेल्वेने यायचा, म्हणजे बातमी शिळी होऊनच भाऊजींच्या हाती पडायची. पण म्हणून त्यांची काळजी शिळी होत नसे. लाल पेन्सिल घेऊन ते पेपर तपासत, अगदी मुलांचे पेपर तपासावेत तसा. 'असे समजते' हे शब्द दिसले की त्यांचं डोकंच फिरे. "कोणाले समजते? मले तं नाही समजलं! तुले समजलं का?" एकदा कोणा मंत्र्याचं कामगारांनी उत्स्फूर्त स्वागत केल्याची बातमी आली. त्या स्वागताला आम्हाला ट्रकमध्ये भरून नेलं होतं, हे मी हसत हसत सांगून बसलो. भाऊजींचा चेहरा उतरला. "हसून काय राहिला? पन्नास वर्षांनी माझ्यासारखा एखादा गाढव हाच कागद पुरावा म्हणून धरंल. मंग?" त्या दिवशी त्यांनी संपादकाला चार पानी पत्र लिहिलं आणि छापून आलं तर काय होईल या भीतीने ते टाकलंच नाही.

वर्गातल्या नकाशाचीही तीच कथा. राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेलं, दुर्ग इकडे राहिलं, आणि भाऊजींचं सासर-माहेर, म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव आणि आमचं, दोन्ही एका दिवसात परराज्यात गेली. त्यांनी नकाशावर नवी हद्द काढली ती पेन्सिलने. शाईने का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आणखी बदलली तं?" परीक्षेचा पेपर काढायचा म्हणजे त्यांना ताप भरे. पेपर छापून होईपर्यंत बरोबर उत्तर बदललं तर, ही धास्ती.

पण एक काळजी खरी होती. भरतीमुळे पोरं मॅट्रिक झाली की कारखान्याच्या गेटकडे वळत, आणि इतिहासाच्या वर्गात बाकं रिकामी पडू लागली. शेवटी प्रिन्सिपॉलसाहेबांनी सांगितलं, संध्याकाळचा क्लास काढा, महिन्याभरात दहा जणांचे फॉर्म आणा, नाहीतर पुढच्या सालापासून विषय बंद. विषय बंद म्हणजे भाऊजी बंद. ताईने मला बोलावून घेतलं. "आता या वयात यायले कोण ठेवून घेईल रे? तुह्या कारखान्यात, शॉपमधी पाह्य ना कोणी."

मी कॅन्टीनच्या भिंतीवर कागद लावला: 'संध्याकाळी हिस्ट्रीचा क्लास. मॅट्रिक पास चालेल.' इतिहास लिहिलं असतं तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं, म्हणून आपलं हिस्ट्री लिहिलं. आणि पहिल्याच दिवशी चौदा जण आले! भाऊजी मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "पाह्य, घाम गाळणाऱ्या माणसाले इतिहासाची केवढी भूक असते!" मी मान डोलावली. भूक कशाची होती ते मला तिथेच कळलं होतं. आमच्या शॉपमध्ये त्या दिवसांत प्रत्येक मशीनचं हिस्ट्री कार्ड सुरू झालं होतं. मशीन कधी बिघडलं, का बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, हे त्यावर लिहायचं. ज्याला कार्ड नीट भरता येईल त्याला भट्टीची धग सोडून ऑफिसात खुर्ची मिळणार, अशी हवा होती. चौदाही जण तेवढ्यासाठी आले होते, आणि मी तोंड मिटून बसलो होतो.

भाऊजींनी नागपूरच्या भोसल्यांपासून सुरुवात केली. गोंदियाकडचा एक रिगर, क्रेनचे दोर बांधणारा धिप्पाड गडी, याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, ब्रेकडाऊन लाल शाईनं लिहाचा का निळ्या?" "कोणत्याही शाईनं लिहा," भाऊजी म्हणाले, "पण कावून झाला ते लिहा!" आठवड्याने त्यांनी भोसल्यांचं राज्य का बुडालं यावर उत्तर लिहून आणायला सांगितलं. रिगरचा कागद असा होता: 'मशीन – नागपूर राज्य. बिघाड – वारस नाही. दुरुस्ती – झाली नाही.'

भाऊजी पोटभर हसले. त्यांना तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. "याच्याहून चोख उत्तर मले आजवर कोणी देल्लं नाही. पण हे असं रकाने पाडून कावून लिहिलं बाप्पा?" रिगरने खिशातून कार्ड काढून समोर धरलं. भाऊजींनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. "भाऊजी, चार दिवसांनी फॉर्म जातील. तवरिक गप्प राहा. ताईकडे पाहा."

आभाळ लाल झालं तरी चपला शोधणारा हा माणूस. ते आत गेले आणि उभ्यानेच म्हणाले, "तुमची फसगत झाली. मी राजांचा इतिहास शिकवतो, मशीनचा मले येत नाही. ज्याले जायाचं तो खुशाल जा." नऊ जण उठले. रिगर सगळ्यांत शेवटी उठला. "सर, तुमचं आयकाले बरं वाटे," तो म्हणाला, "पण घरी खाणारे लय हायेत." पाच उरले. पाचांवर विषय चालत नव्हता.

उन्हाळ्यात भाऊजी भंडाऱ्याकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून गेले आणि तिथेच निवृत्त झाले. ताई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की माझ्या भावाने खूप खटपट केली, पण लोकच टिकले नाहीत. ती हे सांगत असताना भाऊजी शेजारीच बसलेले असत. व्हरांड्यात मी त्यांना काय म्हणालो होतो, हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. आता दोघंही नाहीत, आणि मला ते कोणाला तरी सांगावंसं वाटतं.