कडी न लावलेलं दार

एस्तेरमावशी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मीच ती सगळ्यांना दिली. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, तिची आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात तिने सगळी नोकरी नर्स म्हणून केली, निवृत्त झाली, नवरा तर फार आधीच गेलेला. रोज दुपारी चार ते पाच ती दार ओढून घेऊन प्रार्थनेला बसायची. पाच वाजले की दार उघडायचं आणि आल्याच्या चहाचा वास गॅलरीभर पसरायचा. त्या दिवशी पाच वाजून गेले तरी वास आला नाही. मी बाहेर आले, हाक मारली, दार ढकललं. ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेली होती, दोन्ही तळवे मांडीवर उताणे, चष्मा नाकावर नीट. मी तिचा हात हातात घेतला आणि मला कळलं.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, किती वेळ झाला असेल, कशाने झालं असेल ते सांगितलं. त्यांनी नेमकं काय सांगितलं ते मी इथे मुद्दामच लिहीत नाही. कारण त्या दिवसापासून एकच वाक्य मी जिन्यात, नळावर, करी रोडच्या भाजीवाल्यांसमोर आणि माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून फोनवर ऐकत आले आहे... "दार उघडं असतं तर वाचली असती." यावर डॉक्टरांचं मत पुढे करून मला वाद जिंकायचा नाही. तिच्या बंद दाराला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नव्हती, आजही नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना भांडू नये असं म्हणतात. मी भांडणार आहे, आणि तिला ते चाललं असतं.

चाळीत न राहिलेल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे दिवसा दार बंद म्हणजे घरात काहीतरी अशुभ, नाहीतर भांडण, नाहीतर नवीन लग्न. बाकी वेळ दारं सताड उघडी. कोणाकडे कुठली आमटी आहे ते तिसऱ्या खोलीपर्यंत माहीत. या उघड्या दारांचं कौतुक करणारे लेख मीही वाचले आहेत, आणि ते लिहिणारे बहुतेक जण चाळ सोडून गेलेले असतात. त्या दारांतून माया आत येते हे खरं. पण त्याच दारातून तावडेंचा मधुमेहाचा पायही आत येतो, परबवहिनींच्या सुनेची उलटीही येते, कुणाच्या भाच्याला रुग्णालयात खाट मिळवून देण्याचं कामही येतं. आणि एस्तेरमावशी नर्स. नर्सच्या दाराला तर उंबरठाच नसतो.

मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा तिची काय दशा होती ते मी पाहिलं आहे. पहाटेची ड्युटी करून दुपारी घरी यायची, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत कोणीतरी दारात. एकदा मी कालवण द्यायला गेले होते. ताटात भात कालवलेला, आणि ही बाई जमिनीवर बसून तावडेंच्या पायाची पट्टी बदलत होती. हात धुऊन पुन्हा ताटावर बसली तर पहिल्या मजल्यावरून लहान मुलाला घेऊन आई आली. ताप. मग तिसरं कोणीतरी. शेवटी ती ताटाकडे बघत म्हणाली, "करुणा, भूक गेली गं." तोवर तिचा हात थरथरायला लागला होता. शाळेतून पोरं यायला उशीर झाला की चाळीतल्या सगळ्या पोरांसाठी ही गॅलरीत उभी. स्वतःची मुलगी सुवर्णा शेजारी पुस्तक घेऊन बसलेली असायची, तिच्याकडे मात्र बघायला सवड नाही. सगळ्यांची काळजी करता करता ती काळजीच तिला खाऊन टाकायला निघाली होती, आणि चाळ तिला देवमाणूस म्हणत होती. कुणाला देवमाणूस म्हटलं की त्याला जेवू द्यायची जबाबदारी आपली राहत नाही, हे मी तेव्हा शिकले.

मग एके दिवशी चार वाजता तिने दार ओढून घेतलं.

काय हाहाकार झाला म्हणून सांगू. समोरच्या परबवहिनींनी पहिल्यांदा पाहिलं. "सिस्टरचा दार बंद?" दोन मिनिटांत गॅलरी भरली. विधवा बाई, दुपारची वेळ, दार बंद, आणि हाकेला उत्तर नाही. तावडे लंगडत वर आले, कुणीतरी पहार आणायला धावलं. पहार आलीसुद्धा. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि एस्तेरमावशी शांतपणे म्हणाली, "प्रार्थना करतेय. कोणी मरत असेल तर आत्ता सांगा. नसेल तर पाचला या." आणि पुन्हा दार ओढून घेतलं. पहार हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं तोंड मला अजून दिसतं. गंमत म्हणजे कडी तिने लावलीच नव्हती. एकानेही दार ढकलून पाहिलं नव्हतं, सरळ पहारच आणली होती.

पुढे मी तिला विचारलं होतं, कडी का लावत नाहीस? एखादा घुसला म्हणजे? ती म्हणाली, "कडी लावली तर कडीने अडवलं असं होईल. मला माझ्या शब्दाने अडवायचंय. आणि खरंच कोणी मरत असेल तर त्याला दार ढकलता यायला हवं." बाहेरच्या कोयंड्याला पावासाठी लावलेली निळ्या चौकड्यांची पिशवी असायची. दार बंद असताना ज्यांना राहवत नसे ते आपले रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं, काय असेल ते त्या पिशवीत टाकून जायचे. पाच वाजता ती पिशवी आत घ्यायची आणि चहा पिता पिता एकेकाला हाक मारायची. कुणाचंही काम तिने टाळलं नाही. फक्त एक तास तिने स्वतःकडे ठेवला, आणि तो स्वतःकडे म्हणजे प्रभूकडे.

चाळीने तिला माफ करायला बरीच वर्षं घेतली. शिष्ट म्हणाले, नाताळच्या करंज्या खाताना गोड बोलले आणि जिन्यात नावं ठेवली. तिच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंनीही ऐकवलं की ख्रिस्ती माणसाने सेवेचं दार बंद करू नये. मी तिथेच होते. मावशी म्हणाली, "लोकांची रीघ लागलेली असताना प्रभू एकटाच डोंगरावर निघून जायचा. मागे आजारी माणसं उरलेली असतीलच ना? तरी गेला. मी त्याच्याहून मोठी नर्स आहे का?" त्या बाईंनी चहा संपवला आणि विषय बदलला.

त्या बंद दारामागे नेमकं काय चालतं ते मला एकदाच पाहायला मिळालं. सुवर्णा बाळंतपणाला नाशिकला होती, सासरी. दुपारी जावयाचा फोन आला की अडली आहे, ऑपरेशनला घेताहेत, बाळाचे ठोके कमी झालेत. आम्ही पाचसहा बायका मावशीच्या खोलीत जमलो. ती पाणी पीत होती, उठत होती, बसत होती. तिचा हात पुन्हा थरथरत होता, कितीतरी वर्षांनी. आणि चार वाजले तशी उभी राहिली. "चला, उठा सगळ्या."

"आज पण?" परबवहिनी म्हणाल्या.

"आज तर नक्कीच."

बायका उठल्या, वहिनी जाता जाता "दगड आसा ही बाई" असं पुटपुटल्या. मला मात्र तिने हाताने थांबवलं. "तू बस. फोन वाजला तर तू उचल. पण बोलायचं नाही."

मला वाटलं आता रडेल, गुडघे टेकेल, देवाला गाऱ्हाणं घालेल. ती वेताच्या खुर्चीत बसली, तळवे उताणे केले आणि वॉर्डात बोलावं तशा आवाजात सुरू झाली. "तावडे. पायाची जखम. पू कमी आहे, साखर वाढलीय, गोड सोडत नाहीत. परबांची सून. आठवा महिना, पायावर सूज, मीठ कमी करायला सांगितलंय. करुणा. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन येतो, हिला झोप लागत नाही." मी दचकले. माझंही नाव रोज घेतलं जात होतं तर. अशी एकेक नावं घेत ती शेवटी आली. "सुवर्णा. नाशिक. ऑपरेशनला घेतलीय. मी तिथे नाही... तू आहेस. घे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलंही नाही. पण हात स्थिर झाला होता.

पाच वाजायच्या आत फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी आनंदाने तिला मिठी मारली आणि म्हटलं, "मावशी, ऐकलं गं तुझ्या देवाने." ती म्हणाली, "फोन वेगळा आला असता तरी मी देऊन मोकळी झाले होते."

मग चहा करता करता तिने मला सगळं सांगितलं. ड्युटी संपताना नर्स पुढच्या नर्सला ओव्हर देते. प्रत्येक खाटेपाशी उभं राहून, कोण आहे, काय झालंय, काय दिलंय, काय राहिलंय. एकही खाट गाळायची नाही. ओव्हर दिली की घरी जायचं. "घरी जाऊन जी नर्स दर तासाला वॉर्डात फोन करते ना, ती चांगली नर्स नव्हे. तिचा पुढच्या नर्सवर विश्वास नाही एवढाच त्याचा अर्थ. मी पण तशीच होते. रोज प्रभूला म्हणायचे, तू बघ, आणि लगेच परत जाऊन खाटा मोजायचे. मग तो कशाला बघेल? चारला मी ओव्हर देते. पाचला उठते ती नवीन ड्युटीला."

मी बौद्ध. आमच्या घरी वंदना असते, गाऱ्हाणं घालायला कुणी नसतं. मी तिला तसं म्हटलंही, की तुझं बरं आहे, तुला द्यायला कुणीतरी आहे. ती म्हणाली, "माझ्यासाठी तर तोच आहे, मी खोटं कशाला बोलू? पण तू तुझ्या पद्धतीने बस. बस तर खरी. फोन करकरून पोराच्या खिशात दिवसातून किती वेळा वाजशील?" मी चारला माझ्या खोलीत बसू लागले, दार उघडं ठेवूनच, आणि जिन्यात कुजबुज झाली की सिस्टर करुणाला बाटवते आहे. बाटवलं मला. काळजी करणं म्हणजेच प्रेम, या धर्मातून तिने मला बाहेर काढलं. मी भावाला सांगितलं की तुझ्या घरची रोजची भांडणं ऐकायला मी पाचनंतर मोकळी असते. तो महिनाभर रुसला. मग पाचनंतर फोन करू लागला. आज तोच मला सांगतो की दार उघडं असतं तर...

उघडं असतं तर काय? तावडे आणखी एकदा पट्टी बदलून गेले असते? उघड्या दाराच्या वर्षांत ती रोज थोडी थोडी संपत होती तेव्हा त्या दारातून आत आलेल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. बंद दाराने तिला पुढची वीसेक वर्षं दिली, नातीची शाळा पाहायला दिली, थरथर नसलेला हात दिला, ज्या हाताने तिने याच चाळीला शेवटपर्यंत इंजेक्शनं दिली. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. आणि मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमची चाळ आता पुनर्विकासाला जाते आहे. जिन्यात उभं राहून बंद दाराला दोष देणारी हीच मंडळी टॉवरमधल्या फ्लॅटला कुठला सेफ्टी डोअर बसवायचा यावर तासन् तास बोलतात. चोवीस तास बंद राहणारी दारं त्यांना हवी आहेत. एका बाईने मागून घेतलेला एक तास मात्र त्यांना खुपतो.

ती एकटी गेली असंही म्हणतात. मी आत गेले तेव्हा तिचे तळवे उताणे होते, हे मी वर लिहिलंच आहे. ती कुणाशी तरी बोलत होती. यादीत कुठवर पोचली होती ते मला माहीत नाही, पण नाव घ्यायचं राहिलं असेल तर ते तिचं स्वतःचं. शिवडीच्या दफनभूमीत तिला ठेवून आलो तेव्हा पाळक बोलले, गीतं झाली, तावडे सुवर्णाच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मी मनात एवढंच म्हटलं, मावशी, तुझी ड्युटी संपली. आणि मला रडू फुटलं, ते अजून अधूनमधून फुटतं.

खोली रिकामी करताना सुवर्णाने वेताची खुर्ची नाशिकला नेली आणि निळ्या चौकड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. मी ती माझ्या दाराबाहेर, कोयंड्याला अडकवली. गेल्या आठवड्यापासून चार वाजता मी दार ओढून घेते. पहिले दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर चपला वाजल्या.

"करुणा, गो, दार उघड. माका बोलूचा आसा."

परबवहिनींचा आवाज. "दार उघडं असतं तर" हे वाक्य चाळीत सगळ्यात आधी बोलल्या त्या याच. माझे हात मांडीवर होते, ते मी उचलले नाहीत. एस्तेरमावशी पलीकडच्या खोलीत नव्हती, आता जे बोलायचं ते मलाच बोलायचं होतं.

"वहिनी, कोणी आजारी आहे का?"

"नाय."

"मग पाचला या."

मग पिशवी दारावर हलकीच आपटल्याचा आवाज आला, आणि गॅलरीत स्टूल ओढल्याचा. पाच वाजता मी दार उघडलं. वहिनी स्टुलावर बसून होत्या, डोळे सुजलेले. पिशवीत आल्याचा एक मोठा तुकडा होता आणि गवती चहाची चार पाती.

"तिच्यासारखो कर," त्या म्हणाल्या. "थोडो तिखट."

मी आधण ठेवायला आत वळले. दाराला मीही कडी लावलेली नव्हती, आणि वहिनींना ते माहीत होतं.